पुढे ज्वारी, मागे मैदा : एका बिस्किटाच्या पुड्याचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात एका महिला बचत गटाने २०२३ साली ज्वारीची बिस्किटं करायला घेतली. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं होतं, त्यामुळे ज्वारी-बाजरीची प्रशिक्षणं, प्रदर्शनं आणि ‘श्री अन्न’चे फलक यांची वर्षभर रेलचेल होती. अशाच एका प्रशिक्षणातून गटातल्या दोघी नानकटाई शिकून आल्या. गटाने ओव्हन घेतला आणि परभणीत जिंतूर रोडवरच्या एका किराणा दुकानदाराने माल ठेवून बघायची तयारी दाखवली. छोट्या खाद्य उद्योगांची नोंदणी करून देणं, लेबलं तयार करणं हा माझा धंदा. पुड्यावर काय छापायचं एवढंच ठरवायला गट माझ्याकडे आला. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल, म्हणजे शंभर रुपयांची साधी नोंदणी, चौदा आकडी नंबर, काम संपलं, असं वाटण्यासारखंच ते होतं. नोंदणी झालीही लगेच. लेबल मात्र काही महिने लटकलं. ते का लटकलं, त्याची ही हकिगत. गटाचं आणि दुकानाचं नाव देत नाही, त्याने काही बिघडत नाही.

ज्वारी चांगली की वाईट हा इथे वादाचा मुद्दाच नाही. मराठवाड्यात तो काढणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. पण ज्वारी पुड्यात शिरल्यावर तिच्यातलं किती शिल्लक राहतं आणि ते गिऱ्हाइकाला कळायची काही सोय आहे का, हे बघण्यासारखं आहे.

घाण्यातलं गणित

गटाची पहिली कृती सरळ होती. एक किलो ज्वारीचं पीठ, अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो वनस्पती तूप, वेलची, चिमूटभर सोडा, मळताना लागेल तेवढं दूध. पीठ गटातल्याच एकीच्या शेतातल्या शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, मालदांडी वाणाचं. मैद्याचा कणही नाही. गटाच्या अध्यक्ष ताईंनी लेबलाचा मजकूर वहीच्या पानावर लिहूनच आणला होता. वरती मोठ्या अक्षरात ‘१०० टक्के ज्वारी बिस्किट’.

मी म्हटलं, ताई, घाणा दोन किलोचा, त्यात ज्वारी एक किलो. मग बिस्किटात ज्वारी किती?

“अहो पण मैदा नाहीच की त्यात.”

मैदा नव्हता हे खरं. पीठ शंभर टक्के ज्वारीचं होतं. बिस्किट पन्नास टक्के ज्वारीचं, पंचवीस टक्के साखरेचं आणि पंचवीस टक्के तुपाचं होतं. घरात नानकटाई करणाऱ्या कुणालाही हे प्रमाण नवीन नाही, फक्त त्याचे टक्के कुणी काढत नाही. ताईंना पटायला वेळ लागला नाही. त्यांनी ‘१००’ खोडला आणि तिथे काय लिहायचं ते सुचेना म्हणून पेन खाली ठेवला.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ साधारण १०.२ ग्रॅम आणि प्रथिनं १० ग्रॅम असतात. मैद्यात प्रथिनं तेवढीच, पण तंतू जेमतेम २.८ ग्रॅम. त्याच तक्त्यात गव्हाच्या अख्ख्या पिठातले तंतू ११.४ ग्रॅम आहेत, म्हणजे ज्वारीपेक्षा किंचित जास्तच. ‘गव्हापेक्षा ज्वारीत फायबर जास्त’ हे व्हॉट्सअॅपवर इतक्या वेळा आलंय की हा आकडा दाखवला की लोकांना माझाच संशय येतो. पण मोठी दरी आहे ती कोंड्यासकट दळलेलं धान्य आणि कोंडा काढून टाकलेलं धान्य यांच्यात. धान्य कोणतं, हा त्यानंतरचा प्रश्न. ज्वारीचे स्वतःचे गुण आहेत आणि उणिवाही आहेत. लायसिन हे अमिनो आम्ल तिच्यात कमी, शिवाय पाण्यात शिजल्यावर तिची प्रथिनं पचायला थोडी जड होतात. भाकरीसोबत पिठलं, वरण, उसळ खाण्याने ती उणीव भरून निघते. बिस्किटासोबत चहा असतो.

गटाचं एक बिस्किट कच्च्या वजनाने बारा ग्रॅमचं. चहाबरोबर चार सहज जातात. त्या चारात ज्वारी २४ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, तूप १२ ग्रॅम आणि तंतू अडीच ग्रॅमही नाहीत. मध्यम आकाराच्या एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं. तिच्यातून पाच-सहा ग्रॅम तंतू मिळतात, साखर-तूप शून्य. मैदा नसलेल्या, घरच्या शाळूच्या, प्रामाणिकपणे केलेल्या बिस्किटाची ही अवस्था आहे. भेसळ, फसवणूक हे शब्द इथवर आलेलेसुद्धा नाहीत.

चुरा

हे बिस्किट सेलूहून परभणीला टेम्पोतून गेलं आणि पुड्याच्या तळाशी चुरा होऊन पोचलं.

याचं कारण ज्वारीतच आहे. गव्हाच्या पिठाला धरून ठेवणारं ग्लुटेन तिच्यात नसतं. भाकरीला आपण आधणाच्या पाण्यात पीठ मळतो. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की तेही होत नाही, भाकरीला कडेने चिरा जातात आणि ‘पिठाची विरी गेली’ म्हणून बाई कपाळाला हात लावते. बिस्किटात तर आधणाचं पाणी नाहीच, दूध असतं तेही थोडंसं. बहुतेक तुपावरच ज्वारीचे कण कसेबसे एकमेकांना धरून असतात. तोंडात टाकलं की छान विरघळतं, पण हातातून तोंडापर्यंत पोचताना निम्मं सांडतं.

दुकानदाराने पुडा हलवून दाखवला. “ताई, चव लै चांगली हाय. पण गिऱ्हाईक चुरा घेऊन जाईल का? निम्मा मैदा घाला. सगळेच घालायलेत.”

निम्मा मैदा घातला. आता घाण्यात ज्वारी, मैदा, साखर आणि तूप हे चौघे समान वाट्याचे भागीदार झाले, प्रत्येकी पंचवीस टक्के. बिस्किट सुरेख झालं हे कबूल केलं पाहिजे. कडा शाबूत, वर बारीक भेगा, मोडताना कट्‌कन आवाज. रंगही उजळला. गटातल्या बायकांनी घरी नेलं तर लेकरांनी पहिल्यापेक्षा हे जास्त खाल्लं. तंतू मात्र शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमवरून सव्वातीनवर आले.

पैशाचा हिशोबही तेव्हाच मांडला. पुडा दोनशे ग्रॅमचा, छापील किंमत साठ रुपये. २०२३-२४ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता. पुड्यात ज्वारी पन्नास ग्रॅम. म्हणजे हमीभावाने १ रुपया ६० पैशांची. बाजारभाव चढा धरला तरी अडीच रुपयांच्या आतच. साठ रुपयांच्या वस्तूला जिच्यामुळे नाव मिळतं, तिचा खर्चातला वाटा एवढासा. ज्वारीला भाव मिळवून देण्यासाठी ज्वारीची बिस्किटं करा असं प्रशिक्षणात जे सांगतात, त्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

फळीवर आधीपासून कोण होतं

दुकानात बिस्किटांची फळी गल्ल्यासमोरच. खालच्या दोन कप्प्यांत पाच आणि दहा रुपयांचे पुडे, लेकरांच्या हाताला येतील असे. या पुड्यांची किंमत वर्षानुवर्षं हलत नाही, वजन हळूहळू कमी होतं. डोळ्यांच्या उंचीवर महाग माल. ‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’, ‘ओट्स’, ‘रागी’, आणि त्या वर्षी नव्याने आलेलं ‘मिलेट’. हे पुडे बहुतेक मातकट, तपकिरी आणि हिरव्या रंगांत असतात. कणसाचं चित्र, लाकडी वाटी, गोणपाटाचा तुकडा. शेताशी कधी संबंध न आलेल्या माणसाच्या मनातलं शेत असतं ते.

दुकानदार माणूस मोकळा होता. त्याने स्वतःच सांगितलं की डोळ्यांच्या उंचीची जागा फुकट मिळत नाही. कंपनीचा माणूस येतो, स्कीम देतो, डिस्प्लेचे पैसे देतो, न खपलेला माल परत नेतो. बचत गट यातलं काही देत नाही. मग गटाचा पुडा ठेवायचा तर तो पुढच्या बाजूने तरी कंपनीसारखा बोलला पाहिजे. त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने चूक नव्हतं.

मी तिथले काही पुडे उलटे करून वाचले. पुढच्या बाजूला भरलेलं ज्वारीचं कणीस असलेल्या एका पुड्यावर मागे घटकांची यादी अशा क्रमाने होती : मैदा, साखर, पाम तेल आणि मग ज्वारीचं पीठ, कंसात त्याचा आकडा. तो आकडा एक अंकी होता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे यादीतले पहिले तीन शब्द वाचले तरी बिस्किट कळतं. अडचण अशी की ती यादी इंग्रजीत होती. नियमाप्रमाणे लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत चालते. मराठी वरून घालता येते, पण घालायलाच हवी असं नाही. त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात मराठीत ‘ज्वारी’ आणि मागे मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत मैदा, हे पूर्णपणे कायद्यात बसतं. साखरही एकाच नावाने येत नाही. साखर, मग इन्व्हर्ट सिरप, मग लिक्विड ग्लुकोज, अशी तुकड्या-तुकड्याने आली की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो.

काय लिहिता येतं

दुकानदाराने पुढच्या बाजूसाठी चार ओळी सुचवल्या होत्या : हाय फायबर, लोहयुक्त, शुगरवाल्यांसाठी उत्तम, शुद्ध देशी ज्वारी. एकेक करून सगळ्या गळाल्या, आणि का गळाल्या ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

जाहिराती आणि दाव्यांविषयीचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम २०१८ चे. घन पदार्थात शंभर ग्रॅमला किमान सहा ग्रॅम तंतू असतील तर ‘हाय फायबर’ म्हणता येतं, तीन ग्रॅम असतील तर ‘फायबरचा स्रोत’. गटाच्या मैदा नसलेल्या बिस्किटात पाच ग्रॅमच्या आसपास तंतू होते. भाजताना पाणी उडून आकडा थोडा वर सरकतो, तरी सहाला पोचत नाही. म्हणजे मैदा अजिबात नसलेलं ज्वारीचं बिस्किटसुद्धा हाय फायबर ठरत नाही, कारण साखर आणि तुपाने अर्धी जागा अडवलेली असते. निम्मा मैदा घातलेलं बिस्किट ‘स्रोत’ या पायरीवर कसंबसं उभं राहत होतं.

लोहाचा मुद्दा परभणीत निघणारच. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या सोबतीने ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आणला. त्यात किलोला साधारण ४५ मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या ज्वारीत तीसच्या आसपास. जस्तही जास्त. दुकानदाराने ही बातमी वाचलेली होती आणि त्या वाणाची ज्वारी वापरून ‘लोहयुक्त’ छापायचा त्याचा आग्रह होता. हिशोब केला. शंभर ग्रॅम पिठात साडेचार मिलिग्रॅम लोह, बिस्किटात पीठ पंचवीस ग्रॅम, म्हणजे लोह सव्वा मिलिग्रॅमच्या आत. मैद्यातलं थोडं मिळवलं तरी दीडच्या वर जरासं. ‘लोहाचा स्रोत’ म्हणायला शंभर ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या किमान पंधरा टक्के लागतात. प्रौढ पुरुषाची गरज १९ मिलिग्रॅम आणि बाईची २९. कमी आकडा धरला तरी २.८५ हवं. बसत नाही. तेच पीठ पीठ म्हणून विकलं तर बसतं. गटाच्या बायकांनी हा मुद्दा लगेच पकडला, दुकानदाराने सोडून दिला.

‘शुगरवाल्यांसाठी’ हे तर छापायचंच नाही. रोगावर उपाय सुचवणारा दावा असा मनाने करता येत नाही, आणि पंचवीस टक्के साखर असलेल्या वस्तूवर करणं म्हणजे धीटपणाची कमाल. तरी परभणीत, अंबाजोगाईत, लातूरला डॉक्टरांनी ‘ज्वारी खा’ म्हटलं की घरची मंडळी भाकरीसोबत ज्वारीची बिस्किटं आणून ठेवतात आणि पेशंट भाकरी टाळून बिस्किटं खातो. ही तक्रार मी एवढ्या घरांत ऐकली आहे की त्यात गमतीचं काही उरलेलं नाही.

‘शुद्ध’साठी आणखी एक गंमत. ब्रँडच्या नावातच शुद्ध, अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक असलं विशेषण असेल आणि त्यातून दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, त्यातून मालाचं खरं स्वरूप कळत नाही’ अशा अर्थाची ओळ किमान तीन मिलिमीटर अक्षरात छापावी लागते. ही ओळ घरातल्या डब्या-पुड्यांवर शोधून बघा, सापडेल.

राहिला साखरेचा रकाना. एका सर्व्हिंगमध्ये रोजच्या मर्यादेच्या किती टक्के साखर, चरबी, मीठ जातं ते लेबलवर द्यावं लागतं. त्यासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला पन्नास ग्रॅम धरलेली आहे. चार बिस्किटांतली बारा ग्रॅम साखर लेबलवर २४ टक्के दिसते. पोषण संस्थेनेच मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलंय. त्या मापाने तीच बारा ग्रॅम ४८ टक्के होते. दोन्ही मापं दोन हजार कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाची. सहा वर्षांचं लेकरू तेच बिस्किट खातं तेव्हा ती टक्केवारी त्याची नसते. सर्व्हिंग केवढं धरायचं हेही बनवणाराच ठरवतो. दोन बिस्किटांचं धरलं की सगळे आकडे निम्मे.

आकडा पुढे छापला

आता मुख्य गोष्ट. लेबलावर एखादा घटक शब्दाने किंवा चित्राने ठळक केला, तर तो किती टक्के आहे ते सांगणं सक्तीचं आहे. बहुतेक जण हे घटकांच्या यादीत, कंसात उरकतात. दुकानदाराला तेच हवं होतं : पुढे ‘ज्वारी कुकीज’ आणि कणीस, मागे कंसात २५ टक्के. मी ते करून दिलं असतं, नियमबाह्य काही नव्हतं. पण अध्यक्ष ताई अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, आपल्याच गावची माणसं परभणीत राहतात, ती पुडा घेतील आणि घरी येऊन विचारतील. ‘काय सांगायचं त्यांना?’ पुढच्या बाजूलाच, नावाच्या खाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात मराठीत ओळ गेली : ज्वारी २५ टक्के, मैदा २५ टक्के, साखर २५ टक्के, वनस्पती तूप २५ टक्के.

हा पुडा फळीवर लागला आणि जे झालं ते मी दुकानात उभं राहून बघितलं. एका बाईंनी पुडा उचलला, ‘ज्वारीचं आहे’ म्हणाल्या, खालची ओळ वाचली, आणि ठेवून दिला. “यात तर पंचवीसच टक्के ज्वारी हाय.” मग शेजारचा कंपनीचा पुडा टोपलीत टाकला. त्यावर मागे ज्वारी एक अंकी टक्के होती. दुसऱ्या गिऱ्हाइकाने सरळ विचारलं, एवढी साखर? त्याच्या टोपलीत क्रीमची बिस्किटं होती.

लोक मूर्ख आहेत असा याचा अर्थ मी काढत नाही. पुढे आकडा असलेला सगळ्या फळीवर हा एकच पुडा. ज्याने सांगितलं त्याच्यातच दोष दिसला. बाकीच्यांबद्दल आकडाच समोर नाही म्हणून गिऱ्हाईक कणसाच्या चित्रावरून अंदाज बांधतं, आणि चित्रातलं कणीस नेहमीच शंभर टक्के असतं. एकट्या बचत गटाने खरं बोलून हे बदलणार नाही. ठळक केलेल्या धान्याचा टक्का पुढच्याच बाजूला, त्या नावाच्या शेजारी, नावाच्याच आकाराच्या अक्षरात छापायची सक्ती सगळ्यांना सारखी लागू झाली, तर फळीवरच्या निम्म्या पुड्यांची नावं बदलतील असं माझं मत आहे. हे अवघड मुळीच नाही. सरकारला भरडधान्याचा टक्का मोजता येतो : ऑक्टोबर २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने भरडधान्याच्या पिठाच्या मिश्रणांना कर सवलत दिली, तेव्हा वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य हवं ही अट घातलीच की. सुट्या पिठाला शून्य, पुडीबंदला पाच टक्के. करासाठी सत्तर टक्के लागतात आणि पुड्यावर कणीस छापायला सात पुरतात.

पुडे परत आले. दुकानदाराने दुसऱ्या लेबलावर माल घ्यायची तयारी दाखवली, गटाने नाही म्हटलं. भांडण झालं नाही. दुकानदार ताईंना आजही ‘अक्का’ म्हणतो आणि चहा पाजतो.

पीठ

ओव्हनचे हप्ते चालू होते, त्यामुळे तत्त्वावर बसून राहणं गटाला परवडणारं नव्हतं. लोहाच्या हिशोबात निघालेला मुद्दा त्यांनी धरला : पीठच का विकू नये?

पिठाची अडचण वेगळी. ज्वारीच्या पिठात दाण्याच्या आतला कोंबही दळला जातो, त्यातल्या तेलामुळे ते लवकर खवट-कडसर होतं, आणि विरी त्याआधीच जाते. दुकानात दोन-तीन महिने पडून राहणारं पीठ करायचं तर कोंब काढावा लागतो, मग ज्वारीचं जे चांगलं ते गेलं. म्हणून पिठाचा धंदा जवळच्या जवळ आणि थोडा-थोडाच होतो. गटाने पुडीवर दळल्याची तारीख सगळ्यात मोठी छापली, ज्वारी आणि गाव त्याखाली. मोठ्या दुकानांना हे आवडत नाही, कारण तारीख मोठी दिसली की माल चार दिवसांत जुना दिसतो.

घरोघरी खपही फारसा नव्हता. परभणीत जुनी घरं अजून धान्य आणून गिरणीतूनच दळून घेतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे रेशनचा तांदूळ-गहू येतो आणि जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे. ज्वारी विकत घ्यावी लागते. एके काळी गरिबाची भाकरी होती, आज भात त्याच्या ताटात जास्त आहे. शेतकऱ्याने खरिपात सोयाबीन धरलं, आणि रब्बीत शाळू पेरतो तो बराचसा कडब्यासाठी.

गिऱ्हाईक मिळालं ते खानावळींचं. विद्यापीठामुळे आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासमुळे परभणीत बाहेरगावची पोरं-पोरी खूप. ती गावाकडून आलेली, त्यांना रोज भाकरी लागते, आणि भाकरी करणाऱ्या बाईला ताजं पीठ लागतं, कारण विरी गेलेल्या पिठाने तिचे हात दुखतात आणि भाकऱ्या कमी निघतात. पिठाची परीक्षा इथे लेबलावर होत नाही, परातीत होते. पहिल्या खानावळीतल्या मावशींनी मूठभर पीठ आधणात मळून बघितलं, थापलं, कडेने चिरत नाही ना ते बघितलं आणि मगच दर विचारला.

किलोमागे नफा बिस्किटापेक्षा कमी आहे, पण माल दर आठवड्याला उठतो आणि परत येत नाही. ज्वारी मात्र इथे किलोच्या किलो जाते, पन्नास ग्रॅमने नाही. गटातल्या शेतकरीण बायकांच्या दृष्टीने फरक तिथे पडला. ओव्हन दिवाळीत चालतो. मैदा नसलेली, चुरा होणारी नानकटाई ओळखीच्या ऑर्डरवर डब्यात घालून देतात आणि डब्यावर ज्वारी ५०, साखर २५, तूप २५ असं लिहितात. तिथे कुणी नाक मुरडत नाही, दिवाळीचं गोड म्हणूनच घेतात.

न सुटलेली गोष्ट दराची आहे. खानावळवाले वर्षभर एकच दर मागतात आणि नवा शाळू यायच्या आधी ज्वारीचा भाव चढतो. मागच्या खेपेला गटाने दोन महिने जवळजवळ मुद्दलातच पीठ दिलं. आता सुगीतच सगळ्यांची ज्वारी गटाने विकत घेऊन साठवायची की नाही, यावर बैठका चालू आहेत. साठवायला कोठार हवं, आणि घरातल्या कणग्या रिकाम्या करून आधी गटाला द्यायला निम्म्या बायकांचे मालक तयार नाहीत.